माळ्यावरचा गेमचा खोका: दुर्मिळ कशाला म्हणायचं आणि किंमत कशी काढायची

पुण्यात सध्या जिकडे बघावं तिकडे जुन्या सोसायट्या रिडेव्हलपमेंटला चालल्यात. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, सगळीकडे तेच, आणि घर रिकामं करायचं म्हटलं की पहिला नंबर लागतो माळ्याचा. माळ्यावरून पितळी भांडी निघतात, दिवाळी अंकांचे गठ्ठे निघतात, आणि ज्या घरातला मुलगा नाहीतर काका नव्वदच्या दशकात कंपनीतर्फे अमेरिकेला राहून आला त्या घरातून कधीकधी एक मोठा पुठ्ठ्याचा खोका निघतो, वर ड्रॅगन नाहीतर अंतराळयान, आत फ्लॉप्या, जाड मॅन्युअल, घडी घातलेला नकाशा. भांडी मोजून घेतली जातात आणि खोका रद्दीवाल्याच्या काट्यावर पुठ्ठ्याच्या भावाने जातो. मला हे बघवत नाही म्हणून हा लेख.

असा खोका हातात आला की प्रश्न ठरलेला असतो, "ह्याचे किती येतील रे?" आणि विचारणाऱ्याने आधीच कुठेतरी वाचलेलं असतं की कुठलीशी जुनी गेम कोट्यवधींना गेली. गेलीये, खोटं नाहीये ते. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ह्या निन्टेन्डोच्या गेमची एक सीलबंद कॉपी अमेरिकेत हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या भावाने साडेअकरा कोटींच्या आसपास. पण ह्याच गेमच्या जगभरात जवळपास १ कोटी २० लाख कॉप्या विकल्या गेल्यात, म्हणजे गेम म्हणून ती दुर्मिळ अजिबात नाही, आजही तिचं नुसतं कार्ट्रिज, म्हणजे मशीनमध्ये खोचायची गेमची प्लास्टिकची डबी, काही हजार रुपयांत मिळतं. दुर्मिळ होती ती एक कॉपी, कुणीही न उघडलेली, एकही कोपरा न दबलेला, ग्रेडिंगवाल्यांनी, म्हणजे वस्तूची अवस्था तपासून गुण देणाऱ्या कंपनीने, १० पैकी ९.८ दिलेली. तर गेम दुर्मिळ असणं ही एक गोष्ट, तुमच्या हातातली कॉपी दुर्मिळ असणं ही दुसरी, आणि तिला किंमत असणं ही तिसरी. ह्या तीन गोष्टींची गल्लत झाली की मग कुणी भंगार सोन्याच्या भावात घेतं आणि कुणी चांगली वस्तू किलोवर देऊन टाकतं.

दुर्मिळपणाचा हिशोब मी तीन प्रश्नांनी करतो. किती बनल्या, किती उरल्या, आणि किती जणांना हव्यात.

किती बनल्या हे समजायला अगदी सुरुवातीला जावं लागतं. १९८० च्या आसपास अमेरिकेत गेम बनवणं हा घरगुती धंदा होता, खोके वगैरे काही नव्हते, एक फ्लॉपी, दोनचार झेरॉक्स केलेली पानं आणि वरून झिप असलेली प्लास्टिकची पिशवी, झाली गेम तयार. रिचर्ड गॅरिअट नावाच्या पोराने, जो पुढे अल्टिमा मालिकेमुळे मोठं नाव झाला, त्याने अकलाबेथ नावाची गेम अॅपल टू ह्या कॉम्प्युटरवर लिहिली आणि तो जिथे सुट्टीत काम करायचा त्या कॉम्प्युटरच्या दुकानात अशाच पिशव्यांतून विकायला ठेवली, कव्हरवरचं चित्र त्याच्या आईने काढलेलं. त्या दुकानातून विकल्या गेलेल्या पिशव्या बोटांवर मोजण्याइतक्या. नंतर एका प्रकाशकाने तीच गेम रीतसर काढली आणि ती हजारोंनी खपली, पण त्या पहिल्या पिशव्यांची सर दुसऱ्या कशालाच नाही. त्याच काळात केन आणि रॉबर्टा विल्यम्स ह्या नवराबायकोने १९८० मध्ये मिस्टरी हाउस काढली, अॅडव्हेंचर गेममध्ये चित्रं आली ती हिच्यापासून, ही पण सुरुवातीला पिशवीतच विकली गेली. त्यांची कंपनी पुढे सिएरा झाली. मिस्टरी हाउस हजारोंनी खपली म्हणून ती अकलाबेथच्या पिशवीएवढी अप्राप्य नाही, पण चांगल्या अवस्थेतली सापडणं कठीणच, आणि ते का हे दुसऱ्या प्रश्नात येतं.

किती उरल्या. आपल्याकडे लग्नपत्रिका हजारोंनी छापतात, नात्यातल्या प्रत्येक घरी जाते, आणि वीस वर्षांनी कुणाकडे मागा, एक निघत नाही, कारण ती जपून ठेवायची असते असं कुणाला वाटतच नाही. गेमच्या खोक्याचं तेच झालं. खोका मोठा, कपाटात जागा खाणारा, आत बघावं तर निम्मा रिकामा, मग तो पहिल्याच आठवड्यात फेकला जायचा. आतलं रजिस्ट्रेशन कार्ड पोस्टात टाकलं जायचं, नकाशा पोरांनी भिंतीला चिकटवला, आणि फ्लॉपी महाग म्हणून खेळून झाल्यावर त्याच फ्लॉपीवर कुणीतरी कॉलेजचा प्रोजेक्ट सेव्ह केला. त्यामुळे किती छापल्या ह्या आकड्यावर जाऊ नका, पूर्ण अवस्थेत किती उरल्यात ते बघा, आणि ते बऱ्याचदा कंपनीला पण सांगता येत नाही, ते कळतं वर्षानुवर्षं विक्रीला काय येतं आणि काय येत नाही ह्याच्यावर डोळा ठेवून.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त लोक विसरतात. किती जणांना हवीये? १९८३ मध्ये सिएराने व्हिक-२० ह्या छोट्या कॉम्प्युटरसाठी एस्केप फ्रॉम माउंट ड्रॅश नावाची गेम कॅसेटवर काढली. व्हिक-२० तेव्हा मरायला टेकलेला, गेम फारशी विकलीच नाही, आज तिच्या पूर्ण कॉप्या जगात मोजक्याच माहिती आहेत. पण नुसतं तेवढंच असतं तर तिला कुणी विचारलं नसतं, व्हिक-२० च्या कितीतरी कॅसेट तितक्याच दुर्मिळ आहेत आणि कवडीमोल आहेत. हिच्या कव्हरवर अल्टिमा हे नाव टाकलं होतं, गॅरिअटने ती लिहिलेली नसताना, त्याच्या परवानगीने, खप वाढावा म्हणून. तर आज ज्याला अल्टिमाचा पूर्ण सेट करायचाय त्याला ही एक कॅसेट अडकते, आणि असे लोक जगभर आहेत आणि त्यांच्याकडे पैसे आहेत. ह्याच्या उलटं उदाहरण म्हणजे अटारीची ई.टी., १९८२ ची. लाखोंनी बनवली, पडून राहिली, मग १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत अटारीने ट्रक भरभरून माल पुरला. ई.टी. चं साधं कार्ट्रिज आजही स्वस्त आहे. पण २०१४ मध्ये तो डेपो खणून सुमारे १,३०० कार्ट्रिज बाहेर काढली आणि त्यातली बरीचशी गावाने प्रमाणपत्रासकट विकली, तेव्हा चेपलेली, वास येणारी तीच गेम शेकडो डॉलरला गेली. गेम तीच, पण ही वस्तू कुठून आली हे कागदावर सिद्ध होतं, आणि लोकांना ती गोष्ट हवी होती. म्हणून वस्तूसोबत तिची हकीकत जपा, जुनं बिल, दुकानाचं लेबल, मूळ मालकाचं नाव लिहिलेलं पान, काही काढू नका.

आता खोका उघडू या. कलेक्टर लोक, म्हणजे जुन्या गेम जमवणारे, दोन शब्द सारखे वापरतात, लूज आणि कम्प्लीट. लूज म्हणजे नुसती डिस्क किंवा सीडी. कम्प्लीट म्हणजे त्या खोक्यात कंपनीने जे जे घातलं होतं ते ते सगळं, आणि इथेच किंमत दुप्पट-चौपट होते किंवा पडते. इन्फोकॉम नावाची कंपनी होती, नुसत्या शब्दांवर चालणाऱ्या गेम बनवायची, चित्र एक नाही. त्यांची १९८२ ची डेडलाइन ही खुनाच्या तपासाची गेम, सगळी माहिती डिस्कवर मावेना म्हणून त्यांनी पोलीस तपासाचे कागद आणि पुरावा म्हणून चक्क गोळ्यांची पुडी खोक्यात घातली. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या प्रत्येक गेममध्ये काही ना काही वस्तू यायला लागल्या. स्टारक्रॉस प्लास्टिकच्या उडत्या तबकडीतून आली, सस्पेंडेड वर चेहऱ्याचा मुखवटा होता. दुकानदारांना हे आकार फळीवर ठेवता येईनात, मग ह्याच गेम पुढे साध्या एकसारख्या राखाडी खोक्यात निघाल्या. आत खेळायला दोन्हीत तेच, तरी तबकडीवाल्या स्टारक्रॉसची किंमत आणि राखाडी खोक्यातलीची किंमत ह्यात मोठी तफावत. आणि १९८४ च्या हिचहायकर्स गाइड गेममध्ये तर एक रिकामी छोटी प्लास्टिकची पिशवी असायची, सूक्ष्म अंतराळ ताफा म्हणून, म्हणजे आत काहीच नाही हाच विनोद. त्या सेटमधून ही रिकामी पिशवी हरवलेली असली तर तो सेट कम्प्लीट धरत नाहीत. घर आवरताना सगळ्यात आधी काय फेकलं जाईल सांगा. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, खोक्यातला चिटोरा न् चिटोरा खोक्यातच राहू द्या, तो काय आहे हे कळत नसेल तरी.

काही कागद तर गेमचाच भाग होते. मंकी आयलंड १९९० मध्ये आली तेव्हा तिच्यासोबत पुठ्ठ्याची फिरती चकती होती, चाच्याचे अर्धे-अर्धे चेहरे जुळवायचे आणि खिडकीतला आकडा टाकायचा, तरच गेम सुरू. आपण सगळ्यांनी खेळलेली प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या, जॉर्डन मेकनरची, मूळ १९८९ ची. तिच्यात एका खोलीत अक्षरं लिहिलेल्या बाटल्या असायच्या आठवतंय का, मॅन्युअलच्या अमुक पानावर अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर असलेली बाटली प्यायची, नाहीतर पुढे जाता यायचं नाही. कम्प्युटर क्लासमधल्या कॉपीसोबत मॅन्युअल कुठून येणार, तिथे अंदाजपंचे बाटल्या प्यायचं काम चालायचं. मॅन्युअलची ही अट गेमची चोरी रोखायला होती, त्यामुळे मॅन्युअल नसलेला प्रिन्सचा खोका अपुरा तर अपुराच, पण क्रॅक न करता, म्हणजे ती अट कोडमधून काढून न टाकता, खेळताही येत नाही.

मग येते आवृत्ती. हा भाग किचकट आहे आणि नवीन माणूस इथेच फसतो. डूम घ्या. १० डिसेंबर १९९३ ला ती शेअरवेअर म्हणून आली, म्हणजे पहिला भाग फुकट, वाटा, कॉपी करा, काही हरकत नाही, आणि उरलेले दोन भाग हवे असतील तर कंपनीला पैसे पाठवून पोस्टाने मागवायचे. त्यामुळे शेअरवेअरच्या फ्लॉप्या कुणीही कुठल्याही पाकिटात घालून विकल्या, त्यांची शेकडो रूपं आहेत आणि बहुतेकांना फार भाव नाही. पोस्टाने मागवलेली पूर्ण आवृत्ती ती वेगळी. आणि दुकानात खोक्यात मिळणारी अल्टिमेट डूम ही १९९५ ची, चौथा भाग जोडून काढलेली. तिघांवर नाव डूमच आहे. तसंच स्वस्त पुनर्मुद्रणांचं, इंग्लंडमध्ये किक्स, हिट स्क्वॉड, सोल्ड आउट अशा लेबलांखाली जुन्या गाजलेल्या गेम परत छापून कमी किमतीत विकायचे, आणि आपल्याकडे लंडन नाहीतर दुबईहून आलेल्या कितीतरी गेम ह्याच असतात. त्या वाईट नाहीत, खेळायला उत्तम, पण पहिल्या छपाईचा भाव त्यांना मागू नका आणि देऊ पण नका. खोक्याच्या पाठीमागचं वर्ष, प्रकाशकाचं नाव, बारकोडची पट्टी, डिस्कच्या लेबलवरचा व्हर्जन नंबर, हे चारही एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. खोका पहिल्या आवृत्तीचा आणि आतल्या डिस्क स्वस्त आवृत्तीच्या, असे जोडलेले सेट भरपूर फिरतात.

कंडिशनबद्दल परदेशातले लोक भरपूर लिहितात, कोपरे, घड्या, उन्हाने उडालेला रंग, लाल-पिवळा आधी जातो आणि निळा राहतो, म्हणून खोक्याची कड पुढच्या बाजूपेक्षा निळसर दिसली तर तो खोका खिडकीजवळ उभा होता समजायचं. पण आपल्याकडचा खरा शत्रू पावसाळा आहे. जून ते सप्टेंबर माळ्यावर जी दमट हवा कोंडते तिने पुठ्ठा फुगतो, कागदाला कसर लागते, स्टेपलच्या पिना गंजून पानाला तांबडे डाग पडतात, आणि फ्लॉपीला बुरशी येते. साडेतीन इंची फ्लॉपीचं धातूचं शटर बोटाने हळूच सरकवा, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा आणि मधलं चाक फिरवत आतली तपकिरी चकती पूर्ण बघा. सवापाच इंचीला शटर नसतं, तिथे फटीतूनच दिसतं. पांढरट ठिपके किंवा धुरकट पट्टे दिसले तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये अजिबात घालू नका, ड्राइव्हचं वाचणारं हेड त्या बुरशीवरून घासत जातं, चकतीवर ओरखडा पडतो, डेटा कायमचा गेला, आणि तीच घाण हेडला लागून पुढच्या चांगल्या फ्लॉपीला पण नेते. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायची, कापसाचे धागे न सुटणाऱ्या कापडाने, आणि पूर्ण वाळू द्यायची.

आता खोट्या मालाचं. २०२२ मध्ये जुन्या पीसी गेमच्या कलेक्टर लोकांत मोठी खळबळ झाली, त्यांच्यातल्याच एका जुन्या, विश्वासू मानल्या गेलेल्या माणसाने अगदी सुरुवातीच्या काळातल्या दुर्मिळ गेमच्या नकली कॉप्या वर्षानुवर्षं विकल्या असा आरोप झाला, आणि रकमेची बेरीज लाख डॉलरच्या पुढे गेल्याचं बोललं गेलं. ह्यात पिशवीतल्या गेम जास्त होत्या आणि त्याचं कारण सरळ आहे, मूळ मालच झेरॉक्स आणि हाताने कापलेल्या लेबलांचा, त्याची नक्कल करायला फार कारागिरी लागत नाही. रंगीत छापील खोक्याची नक्कल मात्र पकडता येते आणि त्यासाठी पुण्यासारखी जागा नाही, कारण पेठांमधल्या प्रेसमध्ये आयुष्य घालवलेली माणसं अजून आहेत. त्यांच्याकडचं छोटं छपाईचं भिंग घ्या, खोक्यावर टेकवा आणि बघा. ऑफसेटवर छापलेला रंगीत भाग भिंगाखाली निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची नेमकी जाळी दिसतो, ठिपक्यांचा कोन ठरलेला, ओळी सरळ. आणि त्याच खोक्यावरची काळी अक्षरं मात्र सलग, कडा स्वच्छ, आत एकही रंगीत ठिपका नाही, कारण काळ्या अक्षरांना काळ्याची प्लेट असते. स्कॅन करून परत छापलेल्या खोक्यात ही अक्षरं पकडून देतात, त्यांच्या कडेला रंगीत ठिपके सांडलेले दिसतात, कारण स्कॅनरला ते अक्षर नसून चित्रच वाटलेलं असतं. एकदा खऱ्या आणि खोट्याची अक्षरं शेजारी ठेवून पाहिली की नंतर डोळा फसत नाही. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कागद चमकतो का हे पण लोक बघतात, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका, सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी कागद पण चमकतात.

सीलबंद म्हणून जास्त पैसे मोजताना तर दहादा विचार करा. वरचं प्लास्टिक म्हणजे पुरावा नाही. अमेरिकेतल्या दुकानांतच परत आलेल्या गेम पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवायचे, त्याला रिश्रिंक म्हणतात, आणि तसलं प्लास्टिक आणि गरम हवेची गन आपल्या पॅकेजिंगच्या कुठल्याही दुकानात मिळते. सांधा कुठे आहे, त्या कंपनीच्या त्या वर्षाच्या इतर सीलबंद खोक्यांवर तो तिथेच असतो का, प्लास्टिकच्या आत, म्हणजे पुठ्ठ्यावर, झिजलेले कोपरे दिसतात का, हे बघा. कोपरे झिजलेत आणि वरचं प्लास्टिक नवंकोरं, तर काहीतरी गडबड आहे.

किंमत काढायची पद्धत खरंतर एका वाक्यात सांगता येते: मागितलेला भाव बघू नका, झालेला सौदा बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या मालाचा वेगळा फिल्टर आहे तो लावा, कारण कुणी दोन लाख मागत बसला असेल तर तो दोन वर्षं तसाच बसलेला असतो. पण पुढची अडचण अशी की ह्या गेमचा बाजार फार पातळ आहे, एखादी गेम वर्षातून एकदाच विकली जाते, आणि तेव्हा दोन हट्टी माणसं समोरासमोर आली म्हणून आकडा चढतो. तो एक आकडा म्हणजे भाव नाही. तीनचार सौदे मिळाले तर सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा बाजूला ठेवा, मधले बघा, आणि त्यातही तुमच्यासारख्याच कंडिशनचे आणि तितकेच कम्प्लीट असलेले धरा. २०२१ चे ग्रेडिंगवाले लिलावाचे आकडे तर ह्यात धरूच नका, कोविडच्या काळात तो बाजार फुगला होता, २०२२ मध्ये ग्रेडिंग कंपनीवर भाव कृत्रिमपणे चढवल्याच्या आरोपाचा दावाही अमेरिकेत दाखल झाला, आणि नंतर भाव खाली आले. डॉलरचे रुपये करून खूश होण्याआधी हेही बघा की मोठ्या खोक्याचं कुरिअर वजनावर नाही तर आकारमानावर लागतं, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००, एवढे किलो धरतात. विकत घेणार असाल तर वर कस्टम ड्युटी. हे सगळं वजा-अधिक करून जे उरतं ती तुमची किंमत. आणि भारतातल्या भारतात विकायचं असेल तर गिऱ्हाईक इतकं कमी आहे की परदेशातल्या निम्मा भाव आला तरी मी चांगला म्हणेन.

आता मला सगळ्यात जवळचा विषय, आपल्याकडचा माल. ऐंशीच्या दशकात भारतात स्पेक्ट्रम प्लस हा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर डेसिबेल्स कंपनीने परवान्याखाली डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाने काढला होता, गेम टेपच्या कॅसेटवरून लोड व्हायच्या. १९८४ पासून सरकारच्या क्लास योजनेतून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले, पुढे सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते भारतातच एससीएल युनिकॉर्न म्हणून बनवले. ह्या मशीनसोबतच्या भारतीय कॅसेट, मॅन्युअल, डिस्क आज किती घरांत असतील? नंतरच्या काळात डेव्ह, प्रिन्स, रोडरॅश, सगळं कॉपी करूनच खेळलं गेलं, ओरिजिनल घेणारे फार थोडे, त्यामुळे रुपयांत एमआरपी छापलेला, फक्त भारतात विक्रीसाठी असं लिहिलेला ओरिजिनल गेमचा डबा अमेरिकन खोक्यापेक्षा कितीतरी कमी उरलाय. चिप, डिजिट ह्या मासिकांसोबतच्या सीड्या आठवा, त्यातल्या डेमो गेमसाठी आपण अंक घ्यायचो, अंक रद्दीत गेले आणि सीड्या कारच्या आरशाला लटकल्या. २००९ ची हनुमान: बॉय वॉरियर, भारतात बनलेली पहिली प्लेस्टेशन टू गेम, तिच्यावर टीका खूप झाली, पण आपल्या गेमच्या इतिहासातला तो टप्पा आहे. ह्या सगळ्याला बाजारात आज भाव काय म्हणाल तर जवळपास नाही, कारण मागणारा नाही. दुर्मिळ पण स्वस्त, ह्याचं ह्याच्याहून चांगलं उदाहरण नाही. आणि म्हणूनच ज्याला कलेक्शन सुरू करायचंय पण परदेशातून मागवायला पैसे नाहीत त्याने इथून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे, ह्या वस्तू जगात दुसरं कुणी सांभाळणार नाहीये.

शोधायचं कुठे, तर बुधवारी आणि रविवारी जुना बाजार, सकाळी लवकर, आणि तिथे गेम शोधू नका, सीड्यांचे आणि पुस्तकांचे ढीग शोधा, कारण विकणाऱ्याला हे गेम म्हणून माहीतच नसतं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते, मॅन्युअल त्यांच्याकडे कॉम्प्युटरच्या पुस्तकांत जाऊन पडतात. तुमच्या गल्लीतला रद्दीवाला, त्याला एकदा खोका दाखवून ठेवा, "दादा, असं काही आलं तर फोडायच्या आधी फोन करा, पुठ्ठ्याच्या भावाच्या दहापट देतो." आणि कुणा काकूंच्या घरी माळा उतरवताना काही चांगलं निघालं तर त्यांना खरं सांगा. "काकू, हे रद्दीत देऊ नका, ह्याचे बाहेर चांगले पैसे येतात, तुमच्या मुलाला फोटो पाठवून आधी विचारा." दोनशे रुपये हातावर टेकवून वस्तू घेऊन जाणं हे कलेक्शन नाही. आणि खरं सांगितलं की त्याच सोसायटीतून पुढचा फोन तुम्हालाच येतो.

घरी आणल्यावर क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक वस्तूचा फोटो, जशी मिळाली तशी, पुसायच्याही आधी. मग फ्लॉपी लिहिण्यापासून बंद करा, सवापाच इंचीच्या कडेची खाच टेपने झाका, साडेतीन इंचीची खिडकी उघडी करा, हे उलटं-सुलटं आहे म्हणून दोनदा बघा. मग तिची इमेज काढा, म्हणजे फ्लॉपीवरचं सगळं जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवा. साध्या ड्राइव्हने कॉपी-प्रोटेक्शन असलेल्या फ्लॉपीची नक्कल होत नाही, त्यासाठी ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड मिळतं, जुन्या ड्राइव्हला पट्टीच्या केबलने आणि कॉम्प्युटरला यूएसबीने जोडायचं, ते चकतीवरची चुंबकीय नोंद जशीच्या तशी वाचून फाइलमध्ये ठेवतं, प्रोटेक्शनसकट. पहिल्या प्रयत्नात काही ट्रॅक, म्हणजे चकतीवरच्या नोंदीच्या गोल पट्ट्या, वाचले गेले नाहीत तर लगेच पुन्हापुन्हा फिरवत बसू नका, थांबा, परत टॉर्च मारून बघा. खोके उभे ठेवा पुस्तकासारखे, एकावर एक रचले की खालचे दबतात. स्पीकरपासून लांब, माळ्यावर तर नकोच, आतल्या भिंतीच्या कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि पावसाळ्यात त्या महिन्याला बदलायच्या, किंवा कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी जे हवाबंद ड्राय बॉक्स मिळतात ते घ्या, थोडे महाग पडतात पण पुण्याच्या हवेत मी तेच सुचवेन.

आणि एक वही करा, किंवा फोनवर शीट करा. कुठली गेम, कुठली आवृत्ती, आत काय काय आहे, काय नाही, कुणाकडून मिळाली, कुठल्या भागातून, कधी, कितीला. मूळ मालकाला ती कुठे आणि कधी घेतली हे आठवत असेल तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, त्यांच्या परवानगीने. पुढे विकताना हीच शीट गिऱ्हाइकाला पाठवायची, सोबत सहाही बाजूंचे फोटो, आतल्या सगळ्या वस्तू एकत्र मांडून एक फोटो, डिस्कच्या लेबलचा जवळून एक, आणि जिथे जिथे डाग, घडी, फाटलेलं आहे तिथला प्रत्येकी एक.